नळाच्या पाण्यातले मासे

११ एप्रिल

माननीय मुख्य अभियंता साहेब,

"काय ते लेखी कळवा," असं तुमच्या सहायकाने फोनवर सांगितलं, म्हणून लेखी कळवते आहे. फोन तुम्ही स्वतः घेतला असतात तर एक कागद वाचला असता. पण अकरा वर्षं ज्या भावाने थोरल्या बहिणीचा फोन घेतला नाही, तो बदली होऊन याच शहरात आला म्हणून आता काय घेणार!

हे अहो-जाहो एवढंच. पुढे मला जमणार नाही. तुझं शेंबडं नाक मी पुसलंय.

तर काल आमच्या सांडपाणी केंद्रात काय झालं ते ऐक. बाहेरगावचे पाहुणे येणार होते, आपलं केंद्र बघायला. तू पाहुण्यांच्या आधी आलास, नाकाला रुमाल लावून. साहेब आले की रुमाल आधी येतो आणि साहेब मागून, हे इथल्या झाडूवाल्यालासुद्धा पाठ झालंय. फिरत फिरत तू शेवटच्या टोकाला आलास, जिथून शुद्ध केलेलं पाणी नदीत जातं. तिथे काचेची एक टाकी आहे. नदीत जाणारं पाणी आधी त्या टाकीतून वाहतं आणि त्यात चौदा मासे असतात. ही माझी सोय आहे, सहा वर्षांपासूनची. यंत्राचा काटा खोटं बोलू शकतो आणि लॅबमधली बाईसुद्धा बोलू शकते. मासे बोलत नाहीत, जगतात किंवा मरतात.

तू टाकीकडे बघितलंस आणि तोंड वाकडं केलंस. "हे पाणी असं पिवळट का? पाहुण्यांना काय दाखवायचं, चहाचं उकळलेलं पाणी? काढा हे. नळाचं स्वच्छ पाणी भरा."

मी म्हटलं, "साहेब, हे पाणी चांगलं आहे."

तू म्हणालास, "चांगलं असून काय उपयोग? चांगलं दिसलं पाहिजे."

हे वाक्य तुझ्या खुर्चीच्या पाठीवर कोरून घे.

मग बाहेरचा पाईप बंद केला गेला आणि टाकी नळाच्या पाण्याने भरली गेली. तेव्हा दहा वाजले होते. पाहुण्यांनी आधी दोन तास तुझं भाषण ऐकलं, बिचारे. साडेबाराला टाकीपाशी आले तेव्हा चौदाच्या चौदा मासे पोट वर करून तरंगत होते. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ. पाहुण्यांतल्या एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "हे पाणी तुम्ही नदीत सोडता?" आणि फोटोही काढला. तुझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. माणसाला चालतं, माशाला चालत नाही. उन्हाळ्यात तर ते दुपटीने टाकतात. हे कळायला मुख्य अभियंता व्हावं लागत नाही, घरी मासे पाळणाऱ्या कुठल्याही पोराला कळतं. तेव्हा आजच्या आज पाहुण्यांना कळव की मासे आमच्या पाण्याने मेले नाहीत, तुझ्या पाण्याने मेले.

– लॅबवाली बाई
(नात्याने तुझी ताई, पण ते तुझ्या सोयीने)


१३ एप्रिल

साहेब,

पत्राला उत्तर आलं नाही, आदेश आला. नोटीस बोर्डावर चिकटवलाय. वाचून आधी मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली आहे.

"मासे मृत झाल्याने शुद्धीकरण प्रक्रिया निकामी ठरली असून ब्लोअर बंद करावेत. ब्लोअरचालकास निलंबित करण्यात येत आहे. टाक्यांमधील गाळ अठरा तारखेला टँकरने उपसावा. नवी यंत्रणा बसेपर्यंत सांडपाणी थेट नदीत सोडावे."

शाबास रे माझ्या वाघा! तो फोटो पेपरात आला, वरून विचारणा झाली, आणि तुला काहीतरी कडक केल्याचं दाखवायचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशीचा दोर नदीच्या गळ्यात.

तुझ्या डिग्रीच्या चौकटीला भिंगातून बघितलं तरी त्यात गाळाबद्दल काही लिहिलेलं नसेल, म्हणून सांगते. शहराची घाण आमच्याकडे येते, तिला ना पावडर खाते ना यंत्र. ती खातो गाळ. तपकिरी, जिवंत गाळ. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव, आणि त्यांना श्वासाला हवा लागते. ब्लोअर ती हवा पाण्यात सोडतात. दह्याला विरजण लागतं ना, तसं हे आमचं विरजण. आठ वर्षं सांभाळलंय. त्या गाळाला हवा नाही मिळाली तर तो आठवड्याभरात मरतो. आणि तू तर अठरा तारखेला टँकर लावून बसलायस. मेला नाही तरी उपसणारच! एकदा गेला की नवा तयार व्हायला महिने लागतात. तोवर गावाचं सगळं संडासाचं पाणी जसंच्या तसं नदीत. एप्रिलमध्ये नदीला पाणी किती असतं माहीत आहे? घोट्याइतकं. खालच्या वस्तीचा पंप त्याच नदीवर आहे.

आणि तू निलंबित कुणाला केलंस? हवावाल्याला. आम्ही त्याला हवावालाच म्हणतो. ब्लोअरच्या आवाजाने त्याचे कान अर्धे गेलेत, पण पाईपवर नुसता तळहात ठेवून पट्टा सैल झालाय की नाही ते सांगतो. रिटायर व्हायला सात महिने राहिलेत. तुझा कागद हातात पडल्यावर त्याने तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे आला. बहिरा असल्यामुळे हळू बोलणं त्याला जमत नाही. सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं ओरडून त्याने विचारलं, "बाई, माझ्याकडून हवा कमी पडली असेल का हो?"

मी म्हटलं, बघते.

ब्लोअर चालू कर. हवावाल्याला परत बोलाव. नाचता येईना अंगण वाकडं, हे आम्ही बरेचदा बघितलंय. पण अंगणच उकरून टाकणारा तूच पहिला.


१५ एप्रिल

अजून गप्पच? बरं.

आज गाळाच्या टाकीपाशी उभी होते. गाळाचा वास कसा असतो तुला माहीत नाही, तुझ्या रुमालाला अत्तराचा असतो. निरोगी गाळाला ओल्या मातीचा वास येतो. आज त्याला सडक्या अंड्यांचा वास येतोय आणि कडेने काळा पडायला लागलाय. ब्लोअर बंद असल्यामुळे इथे इतकी शांतता आहे की माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येतो. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुपारी खालच्या वस्तीतली मास्तरीण आली. दर आठवड्याला नदीच्या पाण्याची बाटली भरून आणते आणि मी तपासून देते. हे माझ्या कामात लिहिलेलं नाही. तुझ्या आधीच्या कुठल्याच साहेबाने विचारलं नाही, म्हणून चालू आहे. आजची बाटली तिने टेबलावर ठेवली तेव्हा मला तपासावी लागली नाही, नुसत्या रंगावरून कळलं. तिने विचारलं, "बाई, मुलांना शाळेत उकळलेलं पाणी देते, पण घरी कोण उकळणार? किती दिवस चालेल हे?" मी म्हटलं, वर कळवलंय. ती म्हणाली, "वर कोण आहे?" काय सांगू तिला? वर माझा भाऊ आहे?

तूही नाही सांगत, मग मी का सांगू! विसरले असेन असं वाटत असेल तर विसरलेली नाही. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या नव्या घरी पहिलं जेवण होतं. तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, ताई कुठे असतात नोकरीला? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "पाणीपुरवठ्यात." पाणीपुरवठ्यात! आपले बाबा गटारात उतरायचे. त्यांच्या मागे त्यांच्या जागेवर मी लागले, संध्याकाळच्या कॉलेजात शिकून लॅबमध्ये आले, आणि तुझी इंजिनिअरिंगची चार वर्षं ज्या नोकरीवर झाली ती हीच, घाणीची. मी हात धुतला आणि न जेवता निघाले. तू जिन्यापर्यंतही आला नाहीस.

तेव्हाही तुला नळाचं पाणी दाखवायचं होतं, घाणीचं झाकायचं होतं. जित्याची खोड, दुसरं काय. तीन दिवस राहिलेत.


१६ एप्रिल

आलं एकदाचं उत्तर. तीन पत्रं लिहावीत तेव्हा साहेबांची एक ओळ पडते, आणि तीही शिपायाच्या हाती, बंद पाकिटात, सहीशिवाय.

"ताई, बरणीतला मासा मला आठवतो. त्या दिवशी टाकीपाशी तुला आठवला नाही का?"

बस. एवढंच.

हो, होता बरणीतला मासा! तू आठ वर्षांचा होतास. ओढ्यातून एक बोटभर मासा धरून आणलास, लोणच्याच्या बरणीत नळाचं पाणी भरलंस आणि त्यात सोडलास. संध्याकाळपर्यंत मेला. तू इतका रडलास की शेजारचे विचारायला आले. मग मीच तुला सांगितलं होतं, नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून जातं, मगच मासा सोडायचा, तोही एकदम नाही. मग? काय सिद्ध करायचंय तुला? तुला आठवत होतं तर "नळाचं पाणी भरा" असं म्हणताना जीभ कशी नाही अडखळली? आणि नंतर आठवलं असेल तर आदेश मागे का नाही घेतलास? स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. वकिली करून मला घाबरवतोस?

टाकी तुझ्या हुकुमाने भरली गेली. साहेबांचा हुकूम पाळला गेला. मी फक्त नोकर आहे.

याच्यापुढे मला लिहायचं नाही.


१७ एप्रिल, सकाळ

लिहायचं नाही म्हटलं आणि लिहायला बसले आहे. हसायचं तर हस.

भरली गेली, भरली गेली. आधीची पत्रं परत वाच, सगळीकडे तेच लिहिलंय. जणू टाकीने स्वतःच नळ उघडला. टाकी मी भरली. नळी माझ्या हातात होती.

मला बरणीतला मासा आठवला होता. आठवायचं काय त्यात, मी केमिस्ट आहे! क्लोरीन घालवायची पांढरी पूड माझ्या लॅबच्या कपाटात दुसऱ्या फळीवर असते. चिमूटभर टाकली असती तर मासे जगले असते आणि पाणीही तुला हवं तसं चकचकीत दिसलं असतं. मी कपाट उघडलं नाही. तुझ्यासमोर एक शब्द बोलायचा होता, "साहेब, याने मासे मरतील." तोही बोलले नाही. "हे पाणी चांगलं आहे" एवढं म्हणून गप्प बसले. मनात म्हटलं, याला नळाचं पाणी आवडतं ना, बघू दे काय होतं ते. चार पाहुण्यांसमोर तोंडावर आपटू दे. नळी धरून मी उभी होते आणि मला बरं वाटत होतं. खरं सांगते, अकरा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

चौदा मासे. सहा वर्षं रोज सकाळी मीच त्यांना खायला घालत होते.

मला वाटलं, तू मान खाली घालशील आणि प्रकरण मिटेल. तू ब्लोअर बंद करशील असं वाटलं नव्हतं. म्हणजे तू मूर्ख आहेस हे मला माहीत होतं, पण माझ्याएवढा मूर्ख असशील असं वाटलं नव्हतं. तुला तोंडावर पाडायला निघाले आणि नदीत पडली खालची वस्ती. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

आणि हवावाला. त्याने विचारलं, माझ्याकडून हवा कमी पडली असेल का, तेव्हा मी "बघते" म्हटलं. त्या माणसाला मी "नाही" म्हणू शकत होते. सबंध गोष्टीत हे सगळ्यात नीच. तुला मी जिन्याचं सुनावलं ना? तू जिन्यापर्यंत आला नाहीस. मी त्याला दारात उभा ठेवून खोटं बोलले.

सोबत सही केलेला जबाब आहे. त्यात लिहिलंय की टाकी मी भरली, परिणाम ठाऊक असून भरली, शुद्धीकरण पूर्णपणे व्यवस्थित होतं, आणि त्या सकाळचा लॅबचा रिपोर्ट जोडला आहे. तुझा हुकूम होता हे त्यात लिहिलेलं नाही. ते लिहायचं की नाही ते तू ठरव, माझी त्यावर जबरदस्ती नाही. हा कागद वर पाठव, पेपरात दे, तुझी मान सोडव. मला निलंबित कर, बडतर्फ कर, माझं काही म्हणणं नाही.

पण ब्लोअर आज सुरू कर. आजच. मी सकाळी काठीने गाळ ढवळून बघितला. वरून काळा आहे, पण खाली अजून तपकिरी आहे. उद्या टँकर आले तर त्यांना रिकामे परत पाठव. हात जोडून सांगते. तुला माहीत आहे, मी कुणाला हात जोडत नाही.

ताई


२५ एप्रिल

चिरंजीवास,

आशीर्वाद द्यायची सवय सुटली आहे, तेव्हा ते धरून चाल.

आता मी घरी असते. निलंबित माणसाला केंद्राच्या आवारात यायची मनाई आहे, हे तुझ्याच सहीच्या कागदात आहे. योग्य आहे. घरी बसून माझं डोकं फिरतं, पण तो तुझा प्रश्न नाही.

सतराच्या संध्याकाळी ब्लोअर सुरू झाले ते मला इथे खिडकीत ऐकू आलं. दीड किलोमीटरवरून. शेजारीण म्हणाली, "झाली का परत कटकट सुरू?" मी तिला चहा दिला.

काल हवावाला आला होता. कामावर परत घेतल्यावर पहिल्याच दिवशी मी त्याला फाटकापाशी गाठून सगळं सांगितलं होतं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे चौकीदारासकट सगळ्यांनी ऐकलं. तेव्हा तो सरळ ब्लोअरकडे निघून गेला होता. काल दारातच उभा राहिला, आत आला नाही, चहाला नको म्हणाला. म्हणाला, "बाई, चार दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही. मला वाटलं माझा हात चुकला." मी मान खाली घातली. मग त्याने काचेचं उभं भांडं पिशवीतून काढलं, गाळाच्या टाकीतल्या पाण्याने भरलेलं. आम्ही दोघं दारात अर्धा तास ते बघत उभे राहिलो. गाळ तपकिरी आहे, नीट खाली बसतो, वर पाणी निवळतं. वास घेतला. ओल्या मातीचा आला. तो म्हणाला, "एक तृतीयांश गेला असेल. बाकी वाचला." आणि गेला. त्याने मला माफ केलेलं नाही आणि ते बरोबरच आहे. पण भांडं दाखवायला आला.

मास्तरणीची बाटली आता कोण तपासतं? तिला सांग दोन आठवडे अजून पाणी उकळायला. लॅबमधल्या नव्या मुलीला म्हणावं, हे कामात लिहिलेलं नाही, तरी करायचं.

आता तुझ्या कागदाविषयी. चौकशीच्या आदेशाची प्रत मला नियमाने पाठवलीस. टाइप केलेली दोन पानं नेहमीसारखीच रटाळ. पण शेवटी तुझ्या हातची चार वाक्यं आहेत.

"टाकीत नळाचे पाणी भरण्याचा तोंडी आदेश माझा होता. शुद्धीकरण केलेले पाणी चांगले होते. संबंधित कर्मचारी माझी सख्खी थोरली बहीण असून ती गेली तीस वर्षे सांडपाणी विभागात काम करते. त्यामुळे ही चौकशी मी करणे योग्य नाही, ती अन्य अधिकाऱ्याकडे द्यावी."

अकरा वर्षं लागली तुला हे लिहायला, आणि लिहिलंस ते चौकशी अंगावरून काढायला! खाली चार अधिकाऱ्यांनी "पाहिले" म्हणून सह्या केल्यात. म्हणजे आता सगळ्या ऑफिसला माहीत झालं. तुझ्या सासऱ्यांनाही एक प्रत पाठव.

तो कागद मी कपाटात ठेवला आहे. दिवसातून कितीदा काढून वाचते ते तुला सांगणार नाही.

माशांची टाकी अजून रिकामी आहे असं हवावाला म्हणाला. मला आत यायला मनाई, त्याला मासे धरता येत नाहीत, आणि ती नवी मुलगी घाबरते. तेव्हा तुलाच करावं लागेल. चौदा मासे आण. पाईपातून येणारं, नदीत जाणारं, ते पिवळट पाणी भर. नळी स्वतःच्या हातात धर, रुमाल घरी ठेव. मासे एकदम सोडू नकोस, पिशवीसकट पाण्यात थोडा वेळ ठेव आणि मग सोड. तू आठ वर्षांचा असताना तुला हे शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघ. जगले की मेले ते लेखी कळवू नकोस. फोन कर, मी घेईन.

ताई